ग्रामपंचायतीचा निकाल: पडताळणी, जाहीर होणे आणि आव्हान देण्याची रीत

ग्रामपंचायतीच्या निकालावर हरकत घेणारी बहुतेक माणसे पहिला आठवडा चुकीच्या दारात घालवतात. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात निवेदन दिले जाते, मग जिल्हाधिकाऱ्यांना, मग मुंबईला राज्य निवडणूक आयोगाला. प्रत्येक अर्जावर आवक शाखेचा शिक्का मारून पोच मिळते आणि आपले प्रकरण सुरू झाले असे वाटू लागते. प्रत्यक्षात निकाल जाहीर झाल्यानंतर यांपैकी कोणालाही तो फिरवण्याचा अधिकार नसतो. संविधानाच्या अनुच्छेद २४३-ओ प्रमाणे पंचायतीच्या निवडणुकीला आव्हान केवळ निवडणूक याचिकेनेच देता येते, आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १५ ने त्यासाठी फक्त १५ दिवस दिले आहेत. शिक्के गोळा करण्यात हे दिवस संपलेले पाहिले की मनाला फार लागते, म्हणून ही सगळी वाट क्रमाने सांगतो.

खरी पडताळणी मतमोजणीच्या टेबलावरच होते. मोजणी सहसा तालुक्याच्या ठिकाणी होते आणि तेथे उमेदवाराला किंवा त्याच्या मतमोजणी प्रतिनिधीला बसता येते. हा प्रतिनिधी घोषणा देणारा नको, आकडे लिहिणारा हवा. नियंत्रण यंत्र, म्हणजे मतदान यंत्राचा मते साठवणारा भाग, टेबलावर आले की आधी त्याचा क्रमांक आणि सील तपासावे. मग मतदान संपताना केंद्राध्यक्षाने केलेला मतांचा हिशेब आणि यंत्रात दिसणारी एकूण संख्या जुळते का, हे पाहावे. त्यानंतरच प्रत्येक उमेदवारासमोरचा आकडा आपल्या वहीत उतरवावा. ग्रामपंचायतीत हे काम विधानसभेपेक्षा अवघड आहे, कारण एका प्रभागात दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असतात आणि थेट सरपंचपदाची निवडणूक असेल तर त्याचे मत वेगळे. एकच मतदार तीन-चार वेळा बटण दाबतो, जागेनुसार मतपत्रिकांचे रंगही वेगवेगळे असतात, त्यामुळे एका ओळीची मते दुसऱ्या ओळीत लिहिली जाण्याची चूक सहज होते. शिवाय आपल्याकडच्या स्थानिक निवडणुकांत यंत्राला व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी छापणारे यंत्र, जोडलेले नसल्यामुळे कागदी चिठ्ठ्यांशी ताळा घेण्याची सोयही नाही.

अशा चुकीची किंमत काय असते, हे हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू गावाने दाखवले. २ नोव्हेंबर २०२२ च्या सरपंच निवडणुकीत एका मतदान केंद्रावर दोन उमेदवारांच्या मतांची अदलाबदल झाल्याची तक्रार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाच्या आवारात सर्व केंद्रांची यंत्रे पुन्हा मोजली गेली आणि आधी पराभूत ठरलेला उमेदवार ५१ मतांनी विजयी निघाला. तोवर पावणेतीन वर्षे उलटली होती. टेबलावर दोन मिनिटांत दिसू शकणारी गोष्ट सिद्ध करायला एवढा काळ लागला.

आकडे पटत नसतील तर फेरमतमोजणीची मागणी निकाल जाहीर होण्यापूर्वी, लेखी आणि कारणांसह निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे करावी. ‘मोजणीत घोळ आहे’ एवढेच लिहून भागत नाही; कोणत्या केंद्राचा कोणता आकडा, आपल्या वहीत किती आणि पुकारला किती, हे लिहावे. अर्ज फेटाळला तर कारणे लेखी मागावीत, कारण पुढे तोच कागद न्यायालयात उपयोगी पडतो. मते समसमान झाली तर चिठ्ठी टाकून निर्णय होतो. एकदा निकाल पुकारला आणि विजयी उमेदवाराला प्रमाणपत्र दिले की निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचे काम संपते. निवडून आलेल्यांची नावे नंतर जिल्हाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी प्रसिद्ध करतो. मात्र याचिकेची १५ दिवसांची मुदत त्या प्रसिद्धीची वाट पाहत नाही, ती निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून मोजायची. १८ जानेवारी २०२१ ला निकाल लागलेल्या गावांसाठी पंधरावा दिवस २ फेब्रुवारीला आला होता. उशीर माफ होईल या भरवशावर कोणीही राहू नये.

याचिका त्या क्षेत्राच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्याकडे करायची असते, आणि ती केवळ पराभूत उमेदवारच नव्हे तर त्या निवडणुकीत मतदानास पात्र असलेला कोणीही करू शकतो. ही तरतूद गावांत फारशी ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. त्या जागेच्या सर्व उमेदवारांना प्रतिवादी करणे शहाणपणाचे. उमेदवारी अर्ज चुकीने फेटाळला किंवा स्वीकारला, मते चुकीची मोजली, पैसे वाटले, दमदाटी केली, यांपैकी जे असेल ते दिवस, ठिकाण आणि व्यक्तीसह मांडावे लागते. मतांची पेटी किंवा यंत्र केवळ संशयावरून उघडले जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ पासून सांगितले आहे. टेबलावरची वही येथे कामाला येते. मतदार यादीत नाव चुकले किंवा गळले, ही तक्रार मात्र यादी अंतिम होण्यापूर्वीच्या हरकतींच्या मुदतीत करायची असते; निकालानंतर ती मांडून सहसा काही हाती लागत नाही.

याचिकेसोबतच यंत्रे आणि मोजणीचे कागद आहेत त्या स्थितीत सीलबंद ठेवण्याच्या आदेशासाठी वेगळा अर्ज द्यावा आणि दाखल झाल्याची लेखी कल्पना त्याच दिवशी तहसीलदारांना द्यावी. यंत्रे पुढच्या निवडणुकीला लागतात. ती एकदा मोकळी झाली की मोजायला काही उरत नाही.

न्यायाधीश चौकशी करून निकाल कायम करू शकतात, बदलू शकतात किंवा निवडणूक रद्द करून नव्याने घेण्यास सांगू शकतात. वाद केवळ मतांचा असेल तर ते स्वतः मते तपासून सर्वाधिक वैध मते मिळालेल्या उमेदवाराला निवडून आल्याचे घोषित करतात, आणि त्यातही बरोबरी झाली तर त्यांच्यासमोर चिठ्ठी निघते. निवडून आलेल्याने भ्रष्ट आचरण केल्याचे सिद्ध झाले तर त्याची निवड जाते आणि तो फेरनिवडणुकीलाही अपात्र ठरतो. याचिका घातल्यावर गावकीत बसून परस्पर मिटवता येत नाही. माघार किंवा तडजोड प्रामाणिक आहे, संगनमताची नाही, याची न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. मला ही या कायद्यातली सर्वांत चांगली तरतूद वाटते, कारण निवडणूक दोन उमेदवारांची खाजगी बाब नसते. न्यायाधीशांचा निर्णय कायद्याने अंतिम आहे. त्यापुढे उच्च न्यायालयात रिट याचिका एवढाच मार्ग राहतो.

अपात्रतेची वाट वेगळी आहे. सरकारी जागेवर अतिक्रमण, सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेले तिसरे अपत्य अशी कारणे असतील तर कलम १४ आणि १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि त्याला १५ दिवसांचे बंधन नाही. राखीव जागेवरील सदस्याने जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही तर त्याची निवड आपोआप रद्द समजली जाते. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यायचा असतो आणि तो पराभूतांनाही चुकत नाही. याचिका लढवण्याच्या धावपळीत स्वतःचाच हिशेब राहून गेला, तर पुढची निवडणूक लढवण्याचा हक्कही पाच वर्षांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून वकिलाकडे जाताना खर्चाची पावती-पुस्तके सोबत न्यावीत आणि दोन्ही कामे एकाच बैठकीत लावून घ्यावीत.