बॉनेटखालची टिकटिक: पर्ज व्हॉल्व्हवर खर्च करण्याआधी या चुका टाळा

गाडी सिग्नलला उभी असते, एसी बंद, काच खाली. डॅशबोर्डच्या पलीकडून टिकटिक ऐकू येते, शेजारच्या घरात शिलाई मशीन चालू असावं तशी. गाडी ओढते छान, ॲव्हरेजही पडलेलं नसतं. पण आवाज एकदा कानात बसला की बाकी काही ऐकू येत नाही. माझ्या गाडीला हा आवाज लागला तेव्हा गॅरेजवाल्याने आधी टॅपेट (इंजिनचे झडपे उघडणारे भाग) सेटिंग केलं, मग ऑइल बदललं. दोन्हीनंतर टिकटिक होती तशीच राहिली. "साहेब, हेड उघडून बघावं लागेल," असं तो म्हणाला, तेव्हा मी गाडी परत आणली. आवाज पर्ज व्हॉल्व्हचा होता, आणि व्हॉल्व्ह पूर्ण चांगला होता.

हा व्हॉल्व्ह काय करतो ते आधी बघू. टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत सोडायला परवानगी नाही. ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठवली जाते. इंजिन तापलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिनच्या ओढीने ती वाफ इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधून, आत जाऊन जळते. किती वाफ आत घ्यायची हे ठरवायला ईसीयू व्हॉल्व्हला सतत उघडझाप करायला लावतो, बऱ्याच गाड्यांत सेकंदाला 10 च्या आसपास. प्रत्येक उघडझापीला आतला लोखंडी दांडा आपटतो, तीच ही टिकटिक. डिझेल फारसं वाफाळत नाही, त्यामुळे डिझेल गाडीत हा व्हॉल्व्ह नसतोच. तिथे टिकटिक आली तर कारण दुसरं शोधा.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे वाजणारा व्हॉल्व्ह खराब आहे असं धरून चालणं. वाजतोय याचा अर्थ ईसीयू त्याला हुकूम देतोय आणि तो पाळतोय. गाडीला खरा त्रास देतो तो उघडा राहून अडकलेला व्हॉल्व्ह, आणि तो बहुतेक वेळा गप्प असतो. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, टाकीतून वाफ जास्त निघते आणि पर्जचं काम वाढतं. उन्हाळ्यात आवाज जास्त जाणवला म्हणून घाबरू नका.

दुसरी चूक: न ऐकताच टॅपेट किंवा इंजेक्टरवर (पेट्रोल फवारणाऱ्या भागावर) खापर फोडणं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चालू करा. टॅपेट आणि इंजेक्टर पहिल्या क्षणापासून वाजतात. पर्ज व्हॉल्व्ह थंड इंजिनवर साधारणपणे गप्प असतो आणि इंजिन तापल्यावर सुरू होतो. मग एक्सलेटर हळूहळू दाबा. टॅपेटचा आणि इंजेक्टरचा आवाज आरपीएमबरोबर जलद होतो. पर्जची टिकटिक आरपीएमला बांधलेली नसते, ती आपल्या तालात चालते, मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते. एवढ्या दहा मिनिटांत माझं हेड उघडण्याचं काम वाचलं.

आता बॉनेट उघडा. व्हॉल्व्ह बहुधा इनटेक मॅनिफोल्डजवळ किंवा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला असतो: दोन पाइप आणि वायरचा एक कपलर असलेला काळा, मुठीत मावेल एवढा भाग. त्यावर बोट टेकवा. चालू असेल तर प्रत्येक ठोका बोटाच्या टोकाला लागतो. रेडिएटरचा फॅन केव्हाही फिरू लागतो, त्यामुळे बाही आणि ओढणी दूर ठेवा. आसपास सिगारेट नको, इथे पेट्रोलची वाफ आहे. बोटाने खात्री पटली नाही तर कपलर काढा. आवाज लगेच थांबला तर तोच.

इथेच तिसरी चूक होते. आवाज थांबला म्हणून बरेच जण कपलर तसाच काढून ठेवतात. ईसीयूला सर्किट तुटलेलं दिसतं, पी 0443 किंवा पी 0444 सारखा बिघाडाचा कोड बसतो, इंजिन चेक लाइट लागते. कॅनिस्टर रिकामा होत नाही आणि काही दिवसांत गाडीला पेट्रोलचा वास येऊ लागतो. तपासणी झाली की कपलर परत बसवा.

व्हॉल्व्ह खरंच बिघडलाय का हे बघायचं असेल तर मला सगळ्यात विश्वासाची वाटते ती बोटाची चाचणी. इंजिन थंड असताना चालू करा, व्हॉल्व्हच्या कॅनिस्टरकडच्या तोंडावरून पाइप काढा आणि त्या तोंडावर बोट ठेवा. व्हॉल्व्ह या वेळी बंद असायला हवा, म्हणजे ओढ लागता कामा नये. बोट खेचलं गेलं तर तो उघडा अडकलाय. अशा गाडीची खूणही ठरलेली: पेट्रोल भरल्यावर लगेच चालू होत नाही, सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, आयडलला थरथरते. स्कॅनरवर पी 0441 किंवा पी 0496 दिसू शकतो. इंजिन तापल्यावर, टिकटिक सुरू असताना हीच चाचणी केली तर ओढ ठोक्याठोक्याने लागते. ते चांगल्या व्हॉल्व्हचं लक्षण. टर्बो पेट्रोल गाड्यांत या लाइनला जास्तीचे पाइप आणि एकदिशा व्हॉल्व्ह असतात, तिथे मॅन्युअल बघूनच हात घाला.

मल्टिमीटर असेल तर व्हॉल्व्हच्या आतली विजेची कॉइल मोजा. बऱ्याच व्हॉल्व्हचा रोध 20 ते 30 ओहमच्या दरम्यान असतो, पण तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलचाच धरा. मात्र कॉइल ठीक म्हणजे व्हॉल्व्ह ठीक असं होत नाही. कॉइल चांगली असूनही आतली सील कचऱ्याने उघडी राहते.

हा कचरा येतो कुठून? व्हॉल्व्ह काढा, पांढऱ्या कागदावर उलटा धरून हलकेच ठोका. काळे, साखरेएवढे कण पडले तर तो कॅनिस्टरचा कोळसा आहे. डबा आतून फुटलाय. अशा वेळी नुसता व्हॉल्व्ह बदलणं किंवा कार्ब क्लीनर मारून परत बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. नवा व्हॉल्व्हही त्याच कणांनी अडकणार. कॅनिस्टर बदला आणि मधली लाइन हवेने साफ करून घ्या.

व्हॉल्व्ह चांगला आहे, तरी केबिनमध्ये आवाज पूर्वीपेक्षा मोठा येतोय? मग ब्रॅकेट बघा. व्हॉल्व्ह रबरी बुशवर बसलेला असतो. रबर इंजिनच्या उष्णतेने कडक झालं, किंवा कुणी काम करताना पाइप फायरवॉलला टेकवून ठेवला, की तोच ठोका पत्र्यातून थेट डॅशबोर्डमध्ये येतो. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. बुश अंगठ्याने दाबला तर दबतच नव्हता, प्लास्टिकसारखा झाला होता. नवा बुश घातला, पाइप क्लिपमध्ये परत बसवला, आणि काच बंद केल्यावर टिकटिक ऐकू येईनाशी झाली. काही कंपन्या पर्जच्या पाइपवर आवाज दाबणारा छोटा डबा देतात. दुरुस्तीत तो वगळून साधा पाइप टाकला असेल तरी आवाज वाढतो.

बदलायचाच असेल तर जुन्या व्हॉल्व्हवरचा बाण आणि पाइपांची जागा फोनवर फोटो काढून ठेवा. उलटे पाइप बसवलेली गाडी मी पाहिली आहे. उष्णतेने ठिसूळ झालेली प्लास्टिकची तोंडं पक्कडीने ओढू नका. आधी पाइप हलके फिरवून सैल करा.

कॅनिस्टर वाचवायचा तर पेट्रोल पंपावर नोझल आपोआप बंद झाली की तिथेच थांबा. राउंड फिगरसाठी अजून थोडं, अजून थोडं करत टाकी गळ्यापर्यंत भरली की वाफेऐवजी पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि कोळसा भिजून निकामी होतो. पंपावरचा पोरगा विचारेल, "पाचशे पूर्ण करू का?" त्याला नाही म्हणा, सुट्टे परत घ्या.