समीकरणावरून अभिक्रियेचा प्रकार कसा ओळखावा

समीकरण समोर आले की प्रकाराचे नाव आठवण्यापूर्वी बाणाच्या दोन्ही बाजू नीट वाचाव्यात. डावीकडे अभिक्रियाकारके किती, उजवीकडे उत्पादिते किती आणि त्यांपैकी मूलद्रव्य कोणते व संयुग कोणते, एवढे टिपले तरी पुष्कळशा समीकरणांचा प्रकार ठरतो. मोजायचे असतात ते वेगवेगळे पदार्थ, सूत्रापुढचे आकडे नव्हेत. हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन होताना समीकरण संतुलित करण्यासाठी सूत्रापुढे २ लिहावा लागतो, तरी अभिक्रियाकारक एकच राहते.

अनेक पदार्थांपासून एकच उत्पादित तयार झाले तर ती संयोग अभिक्रिया. कळीच्या चुन्यात पाणी घातल्यावर कॅल्शिअम हायड्रॉक्साइड तयार होते, ते असेच. याच्या उलट, एकाच संयुगापासून दोन किंवा अधिक पदार्थ मिळाले तर ते अपघटन होय. चुनखडी तीव्र उष्णता देऊन तापवली असता कळीचा चुना व कार्बन डायऑक्साइड मिळतो. या दोन प्रकारांत फारशी चूक होत नाही.

डावीकडे एक मूलद्रव्य व एक संयुग असेल आणि उजवीकडेही तसेच असेल, तर बहुधा विस्थापन असते. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की काही वेळाने त्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो, निळा रंग फिका होत जातो आणि द्रावणाला फिकट हिरवी छटा येते, कारण लोखंडाने द्रावणातील तांब्याची जागा घेतलेली असते. मात्र कागदावर अदलाबदल लिहिता आली म्हणजे ती प्रत्यक्षात घडतेच असे नाही. झिंक सल्फेटच्या द्रावणात तांब्याची पट्टी ठेवली तर काहीही होत नाही, कारण अभिक्रियाशीलतेच्या श्रेणीत (धातूंचा अधिक अभिक्रियाशील ते कमी अभिक्रियाशील असा क्रम) तांबे जस्ताच्या खाली आहे. म्हणून येथे श्रेणी पाहिल्याशिवाय उजवी बाजू लिहू नये.

दोन संयुगांतील आयनांची (विद्युतप्रभार असलेल्या कणांची) अदलाबदल होते तेव्हा अभिक्रियेला दुहेरी विस्थापन म्हणतात. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे द्रावण मिसळताच सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप (न विरघळणारा घन पदार्थ) दिसतो. येथेही एक अट तपासावी: अवक्षेप, वायू किंवा पाणी यांपैकी काही तयार होते का? सोडिअम क्लोराइड व पोटॅशिअम नायट्रेट यांची द्रावणे एकत्र केली तर चारही आयन पाण्यात जसेच्या तसे राहतात, त्यामुळे तिथे प्रकार ठरवण्याजोगी अभिक्रियाच नसते. आम्ल व आम्लारी यांच्यापासून क्षार व पाणी देणारे उदासिनीकरण हे दुहेरी विस्थापनाचेच नेहमीचे उदाहरण आहे. खाण्याच्या सोड्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर मात्र उजवीकडे मीठ, पाणी व कार्बन डायऑक्साइड असे तीन पदार्थ दिसतात आणि विद्यार्थी गोंधळतात. आधी अदलाबदल होऊन कार्बोनिक आम्ल तयार होते व त्याचे लगेच अपघटन होते, असे दोन टप्पे मांडले की हे कोडे सुटते.

खरी अडचण ऑक्सिडीकरण व क्षपण यांच्यापाशी येते, कारण बरेच जण रेडॉक्स (या दोन्ही क्रिया एकत्र घडणारी अभिक्रिया) हा पाचवा कप्पा समजतात. वस्तुतः तो वेगळाच प्रश्न आहे. वरचे चार प्रकार पदार्थांची मांडणी कशी बदलली ते सांगतात, तर रेडॉक्समध्ये इलेक्ट्रॉन कोणी गमावले (ऑक्सिडीकरण) व कोणी घेतले (क्षपण) हे पाहायचे असते. त्यामुळे एकाच अभिक्रियेला दोन नावे लागू शकतात. मॅग्नेशिअमची फीत हवेत जळते तेव्हा मॅग्नेशिअमचा ऑक्सिजनशी संयोग होतो, ते ज्वलन असते आणि रेडॉक्सही असते. उलट, कळीच्या चुन्यात पाणी घालण्याच्या अभिक्रियेत कोणाचाही ऑक्सिडीकरण अंक (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले किंवा घेतले असे मानतात, ते दाखवणारा आकडा) बदलत नाही. ती केवळ संयोग अभिक्रिया आहे. झटपट ओळखण्याची खूण अशी: एका बाजूला मूलद्रव्य म्हणून असलेला पदार्थ दुसऱ्या बाजूला संयुगात गेलेला दिसला, तर ती रेडॉक्स अभिक्रिया असतेच. तशी खूण नसल्यास ऑक्सिडीकरण अंक काढून पाहावेत.

काही समीकरणे चारांपैकी एकाही प्रकारात नीट बसत नाहीत. झोतभट्टीत कार्बन मोनॉक्साइड लोहाच्या ऑक्साइडमधील ऑक्सिजन घेते, लोखंड मोकळे होते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डावीकडे दोन संयुगे आहेत, पण आयनांची अदलाबदल झालेली नाही. उत्तरात येथे ओढूनताणून विस्थापन लिहिण्यापेक्षा ‘रेडॉक्स’ लिहावे आणि लोहाचे क्षपण व कार्बनचे ऑक्सिडीकरण झाले, हे नमूद करावे.