इंग्रजी कथा गटात कशी शिकवावी? आधी ओळ दाखव, मग बोल

दहावीच्या वर्गात इंग्रजी कथा सुरू झाली की आमच्या कोल्हापूरची पोरं आधी गाईड उघडतात. मीही बरीच वर्षं फळ्यावर कथेची थीम लिहून द्यायचो. ती पन्नास वह्यांत जशीच्या तशी उतरायची आणि कथा वाचायची राहूनच जायची. म्हणून मी गटात काम द्यायला लागलो. आमच्यासारख्या मराठी माध्यमाच्या वर्गात जमलेली पद्धत इथं सांगतो.

कथा अशी निवडा की एका तासिकेत मोठ्यानं वाचून संपेल. मी ओ. हेन्री यांची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ घेतो. कथा १९०५ ची आहे, कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळं झेरॉक्स वाटता येतात. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी डेलाकडं फक्त १ डॉलर ८७ सेंट असतात. नवऱ्याच्या, म्हणजे जिमच्या, घड्याळाला चेन घ्यायची म्हणून ती केस विकते. त्यानं मात्र तिच्या केसांत खोवायचे कंगवे आणायला घड्याळच विकलेलं असतं.

पहिली तासिका फक्त वाचनाची. अडलेले शब्द सांगा, कथेचा अर्थ सांगू नका. ‘कशी वाटली?’ एवढंच विचारा आणि सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी पाच-पाच जणांचे गट करा. बाकं हलवत बसलात तर दहा मिनिटं जातात. पुढच्या बाकावरच्यांना मागं तोंड करून बसवलं की झालं. हुशार पोरं एकाच गटात जाऊ देऊ नका. प्रत्येक गटाला एकच काम द्या. पन्नास मुलं म्हणजे दहा गट, म्हणून एकेक काम दोन गटांकडं जातं.

माझी पाच कामं अशी. एका गटानं कथेतला पैसा मोजायचा, येईल तो प्रत्येक आकडा टिपायचा. दुसऱ्यानं डेला काय काय करते ते शोधायचं. ती ‘कशी आहे’ हे लिहायचं नाही. तिसऱ्याकडं जिम. चौथ्याकडं घर: पत्र आत न जाणारी पेटी, न वाजणारी घंटा. पाचव्यानं कथा सांगणारा मध्येच वाचकाशी कुठं बोलतो ते पकडायचं. हे काम सगळ्यांत अवघड. शेवटाला तो त्या दोघांना आधी वेडी पोरं म्हणतो आणि लगेच सगळ्यांत शहाणीही म्हणतो. यावर मुलं तावातावानं भांडतात, भांडू द्या.

नियम एकच आणि तो मोडायचा नाही: जो बोलेल त्यानं ओळ दाखवायची. बोलणं मराठीत चालेल, अगदी घरच्या बोलीत चालेल, पण बोट इंग्रजी ओळीवर पाहिजे. सगळी मेहनत या नियमासाठी आहे. एकदा एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, त्यांचं भांडण न्हाई झालं.’’ मी म्हटलं, ‘‘दाखव.’’ तो पानं चाळत राहिला आणि शेवटाजवळ थांबला. जिम म्हणतो, आता चॉप्स शिजायला ठेव. ‘‘एवढं झालं, तरी मटण लाव म्हणतोय, सर.’’ त्या एका वाक्यात जिमचा स्वभाव आला. पैसेवाल्या गटातल्या मुलीनं वहीच्या कोपऱ्यात हिशेब मांडला होता: केसांचे २०, जवळचे १.८७, चेन २१ ची. ‘‘सत्त्याऐंशी सेंटच राहिले की!’’ मलाही तोवर ते लक्षात आलं नव्हतं.

कधी कधी मुलं घरातलं बोलतात. एकीनं सांगितलं, आईनं दादाच्या फीसाठी गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, गळ्यातला साज मोडला. अशा वेळी खोदून विचारू नका आणि वर्गाला हसूही देऊ नका. जरा थांबा. मग म्हणा, ‘‘डेलाला वाईट वाटलं ते कुठं कळतं, बघ.’’ जुन्या लाल गालिच्यावर पडलेले अश्रू तिला बरोबर सापडले.

तिसऱ्या तासिकेला फेरवाटणी. गटातल्या मुलांना एक ते पाच नंबर द्या. वर्गाचे दोन भाग करा. प्रत्येक भागात पाचही कामांचा एकेक गट हवा. मग त्या भागातले सगळे ‘एक’ एकत्र, सगळे ‘दोन’ एकत्र. नव्या गटात प्रत्येक कामाचं एकेक मूल येतं. आता त्यालाच सांगावं लागतं, गप्प बसणाऱ्यालाही, कारण ती माहिती तिथं दुसऱ्या कुणाकडं नसते. प्रत्येकाला तीन मिनिटं पुरतात. तुम्ही फिरत राहा, उत्तर देऊ नका. कुणी अडलं तर ‘कुठल्या ओळीत?’ एवढंच विचारा.

लिहिणं अगदी शेवटी आणि एकट्यानं. पाच-सहा इंग्रजी वाक्यं, त्यात कथेतली एक ओळ अवतरणात. व्याकरणाच्या चुकांवर त्या दिवशी लाल पेन चालवू नका. ओळ बरोबर निवडली असेल तर तिच्याखाली हिरवी रेघ मारा आणि वही परत द्या.