योग्यकार्ता ते लाबुआन बाजो: बस आणि फेरीने चार समुद्र कसे ओलांडावेत

इंडोनेशियातील योग्यकार्ताहून पूर्वेकडे निघून जावा, बाली, लोंबोक आणि सुंबावा ही चार बेटे मागे टाकत फ्लोरेस बेटाच्या पश्चिम टोकावरील लाबुआन बाजोला पोहोचायचे असेल, तर विमानाची गरज नाही. वाटेत चार ठिकाणी समुद्र आडवा येतो आणि चारही ठिकाणी गाड्या वाहून नेणारी फेरी चालते. दाभोळ-धोपावे फेरीतून ज्याने कधी खाडी ओलांडली आहे, त्याला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. बोटीची फळी धक्क्यावर टेकते, ट्रक आणि बस आत शिरतात, पायी प्रवासी त्यांच्या कडेने अंग चोरून चढतात. मात्र येथील बोटी बऱ्याच मोठ्या आहेत आणि प्रवास अर्ध्या-पाऊण तासापासून सहा-सात तासांपर्यंतचा आहे.

आखणी शेवटाकडून करावी

या मार्गावरील पहिल्या तीन फेऱ्या, म्हणजे केतापांग-गिलिमानुक (जावा ते बाली), पादांग बाई-लेंबार (बाली ते लोंबोक) आणि कायांगान-पोतो तानो (लोंबोक ते सुंबावा), दिवसरात्र चालू असतात. त्यांच्यासाठी वेळापत्रक पाहत बसण्यात अर्थ नाही, कारण धक्क्यावर जावे आणि पुढची बोट धरावी हेच तेथील वेळापत्रक आहे. चौथी फेरी, सुंबावातील सापेहून लाबुआन बाजोला जाणारी, बहुधा दिवसातून एकदाच आणि तीही सकाळी सुटते. ती चुकली, की पुढचे चोवीस तास सापेतच काढावे लागतात. म्हणून सारा हिशेब या एका बोटीपासून मागे मोजत यावा. सापेला पहाटे पोहोचायचे, तर लोंबोकमधील मातारामहून सुंबावातील बिमाला जाणारी रात्रीची बस धरली पाहिजे; ती बस दुपारी सुटते, म्हणून लोंबोकच्या लेंबार बंदरात सकाळी उतरले पाहिजे; आणि लेंबारला सकाळी उतरायचे, तर बालीतील पादांग बाईहून आदल्या मध्यरात्रीनंतरची बोट पकडली पाहिजे. एवढे एकदा जुळले, की उरलेला प्रवास कितीही रमतगमत करता येतो. वाटेत मुक्काम करायचे असतील, तर ते बालीत किंवा लोंबोकमध्ये करावेत.

निघण्यापूर्वी

भारतीय पारपत्रधारकाला पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा ५,००,००० रुपियांना पडतो. तो ३० दिवसांचा असतो आणि एकदा आणखी ३० दिवसांसाठी वाढवता येतो. तो आधी ऑनलाइनही काढता येतो आणि विमानतळावरची रांग टळते. रुपियांतील आकडे पाहून छातीत धस्स होऊ नये यासाठी एक सोपी युक्ती आहे: शेवटची तीन शून्ये काढावीत आणि उरलेल्याला पाचाने गुणावे, म्हणजे भारतीय रुपयांतील ढोबळ किंमत कळते. जवळ सुटे पैसे भरपूर ठेवावेत, कारण छोट्या बसचा वाहक लाखाची नोट पाहून तिच्याकडे आणि मग तुमच्याकडे पाहत राहतो.

किंमत विचारताना कामी येणारा शब्द म्हणजे ‘हार्गा’. तो संस्कृत ‘अर्घ’ वरून आला आहे, आणि आपला ‘महाग’ हा शब्द ज्या ‘महार्घ’ पासून निघाला त्यातही तोच अर्घ आहे. याखेरीज ‘लोकेत’ म्हणजे तिकीट खिडकी, ‘बरापा’ म्हणजे किती, ‘जाम बरापा’ म्हणजे किती वाजता, ‘लांगसुंग’ म्हणजे थेट आणि ‘हाबिस’ म्हणजे संपले, एवढ्या शब्दांवर लाबुआन बाजोपर्यंत निभाव लागतो.

जावा बसने नव्हे, रेल्वेने

जावा बेटापुरते माझे मत स्पष्ट आहे: येथे बसचा हट्ट धरू नये. योग्यकार्ताच्या लंपुयांगान स्थानकावरून सकाळी सुटणारी ‘श्री तांजुंग’ ही अनुदानित इकॉनॉमी गाडी सुमारे तेरा तासांत जावाच्या पूर्व टोकावरील केतापांगला नेऊन सोडते आणि तिचे तिकीट ८८,००० रुपिया, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेचारशेच्या आसपास पडते. इतक्या कमी पैशांत इतके लांब जाणारी बस शोधणे व्यर्थ आहे. अर्थात स्वस्त असल्यामुळेच ती लवकर भरते, त्यामुळे तिकीट आधी काढावे. रेल्वेच्या ॲपवर पारपत्र क्रमांक घालून आरक्षण होते. परदेशी कार्ड चालले नाही, तर पैसे इंदोमारेत किंवा अल्फामार्त या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत रोख भरता येतात. तिकिटावरील नाव पारपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे, कारण फलाटावर प्रवेश देताना दोन्ही ताडून पाहिली जातात.

गाडी रात्री पोहोचते. केतापांग स्थानकापासून बंदर पायी काही मिनिटांवर आहे आणि बोटी रात्रभर चालतात, त्यामुळे लगेच पलीकडे जाण्याचा मोह होतो. तो टाळावा. पलीकडे गिलिमानुकला ऐन मध्यरात्री उतरून देनपासारची बस शोधत फिरण्यापेक्षा केतापांगच्या एखाद्या साध्या खोलीत झोपून सकाळी ताजेतवाने निघणे शहाणपणाचे आहे.

तिकीट आणि धक्का

केतापांग, गिलिमानुक आणि जावा-सुमात्रा मार्गावरील मराक व बाकाउहेनी या चार बंदरांत २०२० पासून फेरीची तिकिटे ऑनलाइनच काढावी लागतात. त्यासाठी ‘फेरीझी’ हे ॲप किंवा संकेतस्थळ आहे. नाव, वय आणि पारपत्र क्रमांक भरावा लागतो. पायी प्रवाशाचे तिकीट दहा हजारांच्या घरात असते, म्हणजे चहा-भज्याच्या पैशांत एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाता येते. बंदराच्या वाटेवरील टपऱ्यांतूनही थोडे जास्त पैसे घेऊन तिकीट काढून देतात. मोबाइल रुसला असेल, तर तेवढे जादा देण्यात कमीपणा मानू नये, मात्र पावतीवर आपलेच नाव आहे याची खात्री करावी. तेच नाव बोटीच्या प्रवासी यादीत जाते.

बालीच्या सामुद्रधुनीत घड्याळ एक तास पुढे करावे लागते. जावाची वेळ भारताच्या दीड तास पुढे आहे, तर बालीपासून फ्लोरेसपर्यंतची अडीच तास. सकाळी सातला निघालेला प्रवासी जेमतेम तासाभरात पलीकडे उतरतो आणि तेथे नऊ वाजलेले असतात. बस चुकण्याचे हे सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत सामान्य कारण आहे.

बाली झटपट

सार्वजनिक वाहतुकीच्या दृष्टीने बाली हा या मार्गातील सर्वांत लंगडा टप्पा आहे. गिलिमानुक बंदराबाहेरील स्थानकातून देनपासारकडे बस मिळते. तिला तीन-चार तास लागतात. लांब पल्ल्याच्या बस शहरात न जाता मेंग्वी स्थानकावर थांबतात. लोंबोक आणि सुंबावाकडे जाणाऱ्या बसही तेथूनच मिळतात आणि त्यांच्या तिकिटात फेरीचे भाडे धरलेले असते. देनपासार किंवा उबुदमध्ये मुक्काम असेल, तर पादांग बाईपर्यंत सामायिक शटल गाडीचे पैसे मोजावेत; बेमो या स्थानिक छोट्या प्रवासी गाड्यांच्या नादी लागून अर्धा दिवस घालवण्यात वाचणारे पैसे नगण्य आहेत.

पादांग बाई ते लेंबार हा प्रवास चार ते पाच तासांचा आहे, पण त्यात एक तास शिल्लक धरावा. लेंबारचा धक्का मोकळा होईपर्यंत बोट खाडीच्या तोंडाशी ताटकळत राहते. किनाऱ्यावरचे दिवे हाताच्या अंतरावर दिसतात आणि उतरता मात्र येत नाही. मध्यरात्रीनंतरची बोट धरावी, हे सांगण्याचे आणखी एक कारण म्हणजे ती धक्क्याला लागेपर्यंत उजाडते, आणि लेंबारच्या फाटकाबाहेर गाठणाऱ्या दलालांशी उजेडात बोलणे केव्हाही बरे. फाटकात कोणाशीही सौदा न करता थोडे पुढे चालत जावे. भाव आपोआप उतरतो.

मातारामची रात्रीची बस

मातारामच्या मांदालिका स्थानकावरून बिमाच्या बस दुपारी सुटतात आणि सुमारे बारा तास घेतात. तिकीट सकाळी पोहोचताच काढावे आणि पुढच्या अर्ध्या भागातील आसन मागून घ्यावे. थेट लाबुआन बाजोपर्यंतचे जोडतिकीटही मिळते. ते घेण्यास हरकत नाही, पण पावतीवर ‘बिमा-सापे’ ही छोटी बस आणि फेरी यांचा वेगवेगळा उल्लेख लिहून घ्यावा. मी ही काळजी घेतली नव्हती. पहाटे चार वाजता बिमात दुसऱ्या बसच्या वाहकाने माझी पावती दिव्याखाली धरून उलटीसुलटी पाहिली, त्यावर सापेचे नाव नाही हे शांतपणे दाखवले आणि पुन्हा भाडे घेतले. रक्कम किरकोळ होती, पण त्या वेळी डोळ्यांवर झोप आणि तोंडात परकी भाषा असताना वाद घालता येत नाही.

बस दोन-तीन तासांत लोंबोकच्या पूर्व किनाऱ्यावर कायांगानला येते आणि प्रवाशांसकट बोटीत शिरते. येथे बसमध्ये बसून राहू नये. गाड्यांच्या मजल्यावर उकाडा आणि धूर असतो, आणि काही बरेवाईट घडले तर तेथून बाहेर पडणे सर्वांत अवघड. आपल्या बसचा क्रमांक ध्यानात ठेवून वर जावे. वरच्या मजल्यावर लोक चटया पसरून आडवे होतात. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका तपकिरी कागदात बांधलेला भात, उकडलेली अंडी आणि शेंगदाणे विकत फिरतात, आणि भोंगा वाजला की उरलेला माल सावरत शेवटच्या क्षणी धक्क्यावर उतरून जातात. दीड तासाने पोतो तानो येते. बस सुटण्यापूर्वी शौचालयात जाऊन यावे. दोन-तीन हजार रुपिया घेतात, पण हौद भरलेला असतो आणि पाणी घ्यायला त्यावर मग ठेवलेला असतो, त्यामुळे मराठी माणसाची गैरसोय होत नाही.

पुढचा रस्ता वळणांचा आहे. वातानुकूलन एवढे असते की शाल किंवा स्वेटर हाताशी लागतोच, आणि लवंगेच्या सिगारेटचा वास, कितीही पाट्या लावलेल्या असोत, कुठून तरी येतोच.

शाकाहारी प्रवाशाने काय खावे

रात्रीच्या बसच्या तिकिटात बहुधा एक जेवण असते आणि ते कोंबडी किंवा मासळीचे असते. भात, पालेभाजी, टोफू आणि तळलेले टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) मागून घेता येते, पण ‘सांबाल’ या तिखट चटणीत बहुधा कोळंबीचे वाटण असते, हे लक्षात ठेवावे. ‘तानपा तेरासी’, म्हणजे त्या वाटणाशिवाय, असे सांगावे. जावातील ‘पचेल’ हा उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची तिखट-गोड चटणी घातलेला पदार्थ आपल्या जिभेला लगेच रुचतो, तरी चटणीत तेरासी आहे का हे तेथेही विचारून घ्यावे. सुंबावात निवड फारच आक्रसते. मातारामहून केळी, शेंगदाणे आणि पाव बरोबर घेऊनच बसमध्ये चढावे.

कोणते दिवस टाळावेत

रमजान ईदच्या मागेपुढे निम्मा देश गावी निघालेला असतो. त्या पंधरवड्यात या मार्गावर येऊच नये. दुसरा दिवस बालीचा ‘न्येपी’. हा शक संवत्सराचा पहिला दिवस आहे आणि तो शक आपलाच, इसवी सनाच्या ७८ पासून मोजला जाणारा. अधिक महिना धरण्याची रीत निराळी असल्यामुळे न्येपी आणि गुढीपाडवा दरवर्षी एकत्र येत नाहीत, पण २०२३ साली २२ मार्चला आणि २०२६ साली १९ मार्चला दोन्ही एकाच दिवशी आले. आपल्याकडे पाडव्याला रस्ते गजबजतात. बालीत त्या दिवशी चोवीस तास बंदरे, विमानतळ आणि रस्ते सारे बंद असते, आणि गिलिमानुक व पादांग बाई दोन्ही ठप्प होतात.

तिसरी गोष्ट समुद्राची. जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमेच्या वाऱ्यांमुळे लाटा उंचावल्या, की बंदर अधिकारी सापेची बोट रोखून धरतात, कधी एक दिवस, कधी बरेच दिवस. अशा वेळी चिडू नये. २ जुलै २०२५ च्या रात्री केतापांगहून गिलिमानुककडे निघालेली एक फेरी बालीच्या सामुद्रधुनीत बुडाली; या मार्गावरचा सर्वांत छोटा आणि सर्वांत सोपा वाटणारा टप्पा तो. बोटीत चढल्यावर प्रथम जीवरक्षक जाकिटे कोठे आहेत ते पाहावे आणि मग बसायला जागा शोधावी.

सापे

बिमाहून सापेची छोटी बस अंधारातच निघते आणि सुमारे दोन तासांत डोंगर उतरून बंदराशी पोहोचते. तिकीट खिडकीवर पारपत्र दाखवून तिकीट घ्यावे, धक्क्यावरच्या टपरीत चहा-नाश्ता उरकावा आणि पाणी बरोबर घ्यावे, कारण पुढचे सहा-सात तास बोटीतल्या दुकानावर विसंबावे लागते. तेथे कपातील नूडल्सवर गरम पाणी ओतून देण्यापलीकडे फारसे काही मिळत नाही. डाव्या-उजव्या बाजूचा विचार न करता सावलीतील जागा धरावी. दुपारनंतर कोमोडो राष्ट्रीय उद्यानाची उघडी, पिवळट बेटे दिसू लागली, की लोक आपोआप कठड्याशी जमतात आणि जागा रिकाम्या होतात. लाबुआन बाजोला उतरल्यावर, पुढे फ्लोरेसमधील रुतेंगकडे जायचे असेल, तर खोली शोधण्याआधी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत जागा सांगून ठेवावी. ती गाडी तुम्हाला न्यायला खोलीच्या दाराशी येते.