सावनी लावताय? आधी ऊन बघा, मग रंग

मृगाचे चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर खोल ओली झाली की पुण्यात सावनी, म्हणजे पावसाळ्यात घोसांनी फुलणारं हे झुडूप, लावायला घ्यावी. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. या दिवसांत नर्सरीतल्या रोपांवर फूलही असतं, त्यामुळे रंग स्वतः पाहून घेता येतो. गुलाबी म्हणून आणलेलं रोप जांभळं निघाल्याची तक्रार बहुतेक उन्हाळ्यात, फूल नसताना खरेदी केलेल्यांची असते.

उरुळी कांचनपासून शहरातल्या छोट्या नर्सरीपर्यंत हिला सावनी, चिनाई मेंदी, क्रेप मर्टल किंवा नुसतं लॅजेस्ट्रोमिया म्हणतात. यातल्या शेवटच्या नावावर जाऊ नका, कारण आपलं राज्यपुष्प ताम्हणही लॅजेस्ट्रोमियाच आहे. ताम्हणाचं पान मोठं, वीतभर लांबीकडे जाणारं. सावनीचं जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढं. पिशवीतलं फूटभर रोप दोन्हीकडे सारखंच गोजिरवाणं दिसतं, पण ताम्हण पुढे चांगला मोठा वृक्ष होतो. रो-हाउसच्या समोरच्या आठ फुटांत तो लावला, तर काही वर्षांनी भिंत की झाड असा प्रश्न येतो आणि तेव्हा तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. सावनी मात्र झुडूपवजा, दहा ते वीस फुटांपर्यंत जाणारी. कुंडीत किंवा गच्चीवर लावायची असेल तर बुटकी जात मागा. ती तीन-चार फुटांवर थांबते.

जागेच्या बाबतीत तडजोड नको. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवं. दोन इमारतींच्या मधल्या बोळात, आंब्याच्या सावलीत किंवा उत्तरेच्या भिंतीला सावनी जगते, पण फुलत नाही आणि भुरीने, म्हणजे पानांवरच्या पिठासारख्या बुरशीने, पांढरी पडते. तिथे अनंत लावा, औषधांचा खर्च वाचेल. मध्यम उंचीच्या दोन रोपांत आठ-दहा फूट अंतर ठेवा आणि कंपाउंडच्या भिंतीपासून निदान पाच फूट आत या. हवा खेळती राहिली की निम्मे रोग येतच नाहीत.

आता माती. बावधन-बाणेरच्या उतारावर मुरूम लागतो आणि सावनीला तो चालतो. पाणी साचत नाही, फक्त खत थोडं जास्त द्यावं लागतं. हडपसर-मांजरीकडच्या चिकण काळ्या मातीत पावसाळ्यात मुळं कुजतात, म्हणून तिथे खड्ड्यात न लावता जमिनीपासून फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावावी. सगळ्यात वाईट अवस्था नव्या सोसायट्यांची. लॉनखाली चार इंच लाल माती आणि त्याखाली सिमेंट-विटांचा राडारोडा. अशा ठिकाणी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन राडारोडा पूर्ण बाहेर काढा. दोन भाग चांगली माती आणि एक भाग नीट कुजलेलं शेणखत यांनी तो भरा, वर दोन मुठी निंबोळी पेंड. कच्चं शेणखत टाकलंत तर मुळं खाणारी हुमणीची अळी आयतीच घरी येईल. हाडांचा चुरा मुठीने टाकायची माळ्यांची सवय चुनखडीच्या जमिनीत टाळलेली बरी.

पिशवी फाडून काढा, मातीच्या गोळ्याभोवती मुळांचं वेटोळं झालं असेल तर ते बोटांनी सोडवा. खोडाचा बुंधा नर्सरीत होता त्याच पातळीवर राहिला पाहिजे, मातीत गाडला जाता कामा नये. पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली तरच पाणी द्या. पहिल्या उन्हाळ्यात मात्र तीन-चार दिवसांआड आळं भरून पाणी हवं, त्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन. दुसऱ्या वर्षानंतर ही झाडं चांगलीच सोशीक होतात.

बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या सावनीची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोह कमी पडल्याचं लक्षण आहे. युरिया टाकून काही होत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. युरियाचा हात एरवीही आखडताच ठेवा, कारण त्याने पाला माजतो, फूल कमी येतं आणि रस शोषणारी बारीक कीड, मावा, धावून येतो. मावा कोवळ्या शेंड्यांवर बसतो. खालची पानं चिकट आणि मग काळी दिसू लागली तर वर तोच असणार. पाण्याचा जोरदार फवारा आणि लिटरला ५ मिली निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारलं की बहुधा भागतं. भुरीसाठी पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, पण ऑक्टोबरच्या भर उन्हात नको, पानं करपतात.

पहिला बहर संपला की घोसाच्या जागी हिरवी गोल बोंडं धरतात. ती पिकू न देता घोसाच्या जरा खाली कात्री लावा. नवी फूट येऊन पावसाळा संपायच्या आत दुसरा बहर मिळतो.

थंडीत सावनी पानं गाळते आणि डिसेंबर-जानेवारीत अगदी काटकी होते. झाड मेलं असं समजून ते उपटणारे आणि घाबरून रोज पाणी घालणारे, दोघेही पुण्यात भेटतात. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड ठीक आहे, पाणी कमीच ठेवा.

छाटणी फेब्रुवारीत, नवी फूट यायच्या आधी. फूल नव्या फुटव्यावर येतं हे खरं, पण म्हणून दरवर्षी खोडं कमरेएवढ्या उंचीवर सपासप उडवायची गरज नसते. तसं केलं की तिथे गाठी होतात, त्यांतून काड्यांचा झुपका फुटतो आणि पहिल्या जोरदार पावसात फुलांच्या ओझ्याने त्या काड्या मोडून पडतात. शिवाय पेरूसारखी सोलणारी गुळगुळीत साल, जी पानगळीतही बघण्यासारखी असते, ती तयारच होत नाही. बुंध्यापासून तीन ते पाच दमदार खोडं ठेवा, बाकीचे फुटवे मुळापासून काढा. आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या छाटा. माळ्याने आधीच गाठी करून ठेवल्या असतील तर प्रत्येक गाठीवरचे दोन सरळ फुटवे राखून बाकीचे मेमध्ये हातानेच खुडा आणि मोठ्या जखमांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. दोन-तीन हंगामांत झाड पुन्हा आकाराला येतं.