सुतारकामातले स्वस्त गुण्या आणि कोनमापक: या चुका टाळा

फोटोफ्रेमचे तीन कोपरे छान मिटतात आणि चौथ्यात फट राहते. मग सगळे चौथ्या कोपऱ्याच्या मागे लागतात. दोष मात्र चार पट्ट्यांच्या आठही कापांचा असतो. प्रत्येक काप फक्त अर्ध्या अंशाने एकाच बाजूला चुकला, तर शेवटच्या सांध्यावर चार अंश जमा होतात. 50 मिमी रुंद पट्टीचा 45 अंशांतला काप सुमारे 70 मिमी लांब असतो, म्हणजे फट जवळपास 5 मिमी. लांबी (पुटी) किंवा भुस्सा भरून ती लपत नाही. महागडे हत्यार घेऊनही ती जाईलच असे नाही. हाताशी आहे तो गुण्या (काटकोन तपासायचे एल आकाराचे हत्यार) किती आणि कुठल्या बाजूला चुकतो, हे माहीत असावे लागते.

गुण्या नवा आहे म्हणून खरा मानणे

दुकानातून आणलेला गुण्या त्याच दिवशी तपासा. एमडीएफचा एक तुकडा घ्या. त्याच्या काठाला स्टीलची पट्टी लावून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर तो काठ चालणार नाही, दुसरा शोधा. मग गुण्याचा दांडा (त्याची जाड बाजू) काठाला घट्ट दाबून कटरने 200 मिमीची रेघ ओढा. पेन्सिल नको, तिच्या रेघेची जाडीच अर्धा मिमी भरते. आता गुण्या पालथा करा, दांडा त्याच काठाला लावा आणि त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढा. रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वर टोकाला फट पडली तर ती चुकीच्या दुप्पट असते. 200 मिमीवर 0.7 मिमी फट म्हणजे गुण्या 0.1 अंशाने चुकतो. कपाट-टेबलासाठी एवढे चालते. फट 3 मिमी असेल तर चूक अर्ध्या अंशाच्या आसपास आहे, आणि फ्रेमसाठी तो गुण्या बाद.

एकाच पत्र्याचा एल आकाराचा स्टीलचा गुण्या असेल तर तो दुरुस्त होतो. कोन 90 पेक्षा कमी असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ, जास्त असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ सेंटर पंच (खूण पाडायचा टोकदार पोलादी दांडा) ठेवून हातोडीचा एक ठोका द्या. तिथला धातू पसरतो आणि बाजू हलतात. प्रत्येक ठोक्यानंतर पुन्हा दोन रेघांची परीक्षा. घाईने चार ठोके एकदम दिले की कोन पलीकडे जातो.

लाकडी दांड्याच्या गुण्यात आतल्या बाजूला पितळी पट्टी असते, भरवसा त्याच बाजूचा. बाहेरचा कोन जमेस धरू नका. कोकणातल्या पावसाळ्यात दांडा फुगतो, तेव्हा परीक्षा दर महिन्याला घ्या. गुण्या हातातून पडला तर लगेच.

कॉम्बिनेशन स्क्वेअरची, म्हणजे सरकत्या पट्टीच्या गुण्याची, गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या खाचेत भुस्सा बसतो, पट्टी तिरकी राहते आणि आपण स्क्रू आवळून टाकतो. पट्टी बाहेर काढून खाच जुन्या टूथब्रशने साफ करा. त्याची 45 ची बाजू तपासायची तर डावीकडून एक आणि उजवीकडून एक अशा दोन रेघा ओढा. त्यांच्यातला कोन तपासलेल्या गुण्याला जुळायला हवा.

डिजिटल गेज शून्य न करता वापरणे

चुंबकाचा छोटा डबा पडद्यावर 0.05 अंशापर्यंत आकडे दाखवतो, पण स्वस्त गेजची अचूकता बहुधा 0.2 अंश इतकीच असते. शिवाय तो क्षितिजसमांतर पातळीशी कोन मोजतो. टेबल सॉ (टेबलात पाते बसवलेली यांत्रिक करवत) कारखान्यात जरा कललेला असतोच, म्हणून गेज आधी सॉच्या टेबलावर ठेवून शून्य करा, मगच पात्याला चिकटवा. पात्यावर तो दातांना टेकू देऊ नका: कार्बाइडचे दात पत्र्यापेक्षा जाड असतात आणि गेज तिरपा बसतो. चुंबकाला लागलेला लोखंडी कीस दरवेळी पुसा. आडव्या पडलेल्या पट्ट्यांमधला मायटरचा (कोपऱ्यावरच्या तिरक्या सांध्याचा) कोन हा गेज मोजूच शकत नाही.

मोबाइलच्या अॅपने कोन मोजायचा असेल तर फक्त अंदाजापुरता. फोनच्या कडा गोल असतात, कव्हर दबते.

आकडा उलटा वाचणे

लाकूड सर्वांत जास्त इथे वाया जाते. मायटर सॉवर (असे तिरके काप घेणाऱ्या करवतीवर) सरळ काटकोनी कापाला 0 लिहिलेले असते. षटकोनी फ्रेमचा आतला कोन 120, त्याचा अर्धा 60; पण सॉ लावायचा 30 वर. सोपा हिशेब असा: 180 ला बाजूंच्या संख्येने भागा. चार बाजूंना 45, सहाला 30, आठला 22.5.

कंपासपेटीतला प्लास्टिकचा कोनमापकही फसवतो. त्याच्या शून्याच्या रेघेखाली प्लास्टिकची पट्टी उरलेली असते. फळीच्या काठाला ती पट्टी लावली की केंद्रबिंदू वर सरकतो आणि वाचन चुकते. ती पट्टी शून्याच्या रेघेपर्यंत कानशीने घासून टाकता येते.

छोट्या त्रिकोणावर विसंबणे

3-4-5 ची युक्ती (या प्रमाणात बाजू असलेला त्रिकोण काटकोनी असतो) पक्की आहे, पण 300-400-500 मिमी घेतले आणि कर्ण 1 मिमीने चुकला, तर कोन जवळपास पाव अंशाने हलतो. 900-1200-1500 घेतले तर तीच चूक 0.08 अंशावर येते. टेपचे आकडे 100 मिमीपासून मोजा, कारण टोकाची आकडी हलती असते. शेवटी ते 100 वजा करायला विसरू नका.

जिथे आकडा लागतच नाही तिथे मोजत बसणे

जुन्या घराच्या भिंतींचा कोपरा 90 चा नसतो. तिथे बेव्हल गेज (हवा तो कोन धरून ठेवणारा, हलत्या पात्याचा गुण्या) कोपऱ्यात बसवा, नट आवळा आणि आवळल्यावर पुन्हा एकदा कोपऱ्याला लावून पाहा, कारण आवळताना पाते सरकते. तो कोन प्लायवर उतरवा. कोपऱ्याच्या बिंदूपासून दोन्ही बाजूंवर 150 मिमीवर खुणा करा, त्या खुणांवरून कंपासने समान कंस मारा. कंस छेदतात तो बिंदू कोपऱ्याशी जोडला की कोन बरोबर अर्धा होतो. बेव्हल त्या रेघेला लावा आणि सॉचे पाते थेट बेव्हलला जुळवून घ्या.