कॉलेजचं टेनिस संपवून प्रो व्हायचंय? या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात टेनिसचं एकच कोर्ट, तेही सिमेंटचं. दिवाळीच्या सुमाराला त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असायचं, कारण एवढी सपाट जागा गावात दुसरी नव्हती. पोती उचलली की आम्ही नेट बांधायचो. कितीही झाडलं तरी चार दाणे राहायचेच, आणि बॅकहँडला धावताना नेमका त्यांच्यावरून पाय सटकायचा. तिथून मी विद्यापीठाच्या संघात गेलो, तीन वर्षं आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलो आणि पदवीनंतर दोन वर्षं आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धांत धडपडलो. रँकिंगचा एकही पॉइंट मिळाला नाही. आता पोरं शिकवतो. प्रो कसं व्हायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी कुठे आपटलो ते सांगतो.

"फॉर्म सर भरतील"

कॉलेजात नाव पाठवणं, तिकीट काढणं, भत्ता वाटणं, सगळं सर करत. माझं काम एवढंच, की किटबॅग घेऊन बदनेऱ्याला गाडीच्या वेळेवर पोचायचं. पुढे ही सवयच नडली. प्रो स्पर्धेसाठी आयटीएफकडे नोंदणी करून आयपिन, म्हणजे खेळाडूचा ओळख नंबर, घ्यायचा आणि एन्ट्री स्वतः टाकायची. मुदत असते स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीचा गुरुवार, जीएमटीप्रमाणे दुपारी २, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. अजून वेळ आहे म्हणून मी जेवायला बसलो. सातला लाइट गेली, पाठोपाठ टॉवरही. मोटरसायकल काढून फाट्यापर्यंत रेंज शोधत गेलो तेव्हा सात चाळीस झाले होते. स्पर्धा गेली, आणि उतावीळपणाने आधीच काढून ठेवलेलं तिकीटही.

एन्ट्री मंगळवारीच टाकून मोकळे व्हा. तिकिटाची मात्र घाई नको. खेळाडू एकाच आठवड्यासाठी दोन-तीन गावांत नावं टाकतात आणि खेळतात एकाच ठिकाणी. माघार घ्यायची मुदत स्पर्धेच्या १३ दिवस आधीच्या मंगळवारी संपते, तेव्हा यादी भराभर सरकते. अल्टरनेटमध्ये, म्हणजे राखीव यादीत, खाली असलेलं नाव त्या रात्रीत क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे मुख्य ड्रॉच्या आधीच्या पात्रता फेरीत, येऊ शकतं. तुम्हालाच माघार घ्यायची असेल तर तीही याच मुदतीत घ्या, नंतर दंड बसू शकतो.

बक्षिसाच्या आकड्यावर भाळणं

एम१५ म्हणजे पुरुषांची, एकूण १५,००० डॉलर बक्षिसाची स्पर्धा. गावात हा आकडा सांगितला की लोक पोराला लखपतीच समजतात. प्रत्यक्षात विजेत्याला २,१६० डॉलर, आणि मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६. म्हणजे साधारण तेरा-चौदा हजार रुपये, तेही कर कापायच्या आधी. क्वालिफायिंगमध्ये हरलात तर हात हलवत परत. पॉइंटचंही तसंच: विजेत्याला १५, मुख्य ड्रॉची पहिली मॅच जिंकली तर १, हरली तर शून्य.

बाबांनी त्या वर्षी तुरीचे आलेले पैसे माझ्या हातात ठेवले होते. मी ते ओळीने पाच आठवडे फिरून उडवले. रविवारी क्वालिफायिंग हरायचो, पुढचे सहा दिवस लॉजवर पंख्याकडे बघत पडायचो, मग पुढच्या गावची गाडी. आज माझ्या पोरांना मी तीन आठवड्यांच्या वर सलग जाऊ देत नाही, आणि हरल्यावरही त्या गावात थांबून इतर हरलेल्यांशी रोज दोन सेट खेळायला लावतो. तेवढ्या तोलामोलाचं कोणी आपल्या तालुक्यात भेटत नाही. मधल्या काळात एआयटीएच्या, म्हणजे आपल्या देशाच्या टेनिस संघटनेच्या, बक्षिसाच्या स्पर्धा खेळा. प्रवास कमी करावा लागतो.

बॉल बाहेर जातोय, हात दोषी नाही

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. बॉलमधली हवा फुगते, रॅकेटची तार ढिली पडते आणि कालपर्यंत लाइनवर पडणारा फोरहँड फूटभर बाहेर जातो. पोरं लगेच स्विंग बदलायला लागतात. मीही बदलला, आणि बरा होता तोही बिघडवून बसलो. आधी तार बघा. उन्हात एक-दोन पाउंड ताण वाढवा, थंडीत तेवढाच कमी करा. पॉलिएस्टरची तार तुटत नाही, नुसती मरते. ती तुटायची वाट बघत बसलात तर महिनाभर मेलेल्या रॅकेटने खेळाल.

आमच्याकडे तार घालायला रॅकेट एसटीने नागपूरला पाठवावी लागायची, तीन दिवस जायचे. त्यापेक्षा २०० मीटरचं रीळ घ्या. एका रॅकेटला साधारण १२ मीटर लागते, म्हणजे सोळा रॅकेटी निघतात. रीळ सोबत असलं की स्पर्धेच्या गावी फक्त मजुरी द्यावी लागते.

तिसरा सेट नसतोच

दोघांनी एक-एक सेट जिंकला की क्वालिफायिंगमध्ये पूर्ण तिसरा सेट नसतो, १० पॉइंटचा टायब्रेक असतो. मी दमसास कमावून गेलो होतो, तो वापरायला वेळच मिळाला नाही. आता आठवड्यातून दोन दिवस सराव थेट १० पॉइंटच्या टायब्रेकने सुरू करतो. बऱ्याचदा खुर्चीवर अंपायरही नसतो. समोरच्याने चुकीचा 'आउट' दिला तर पुढचा पॉइंट सुरू व्हायच्या आधी फिरत्या अंपायरला बोलवा. कुंपणाबाहेरून ओरडायला कॉलेजची पोरं तिथे नसतात.

गावातलं इंजेक्शन

कंबरेत चमक आली की आपल्याकडे दवाखान्यात जाऊन "एक सुई मारा, डॉक्टर" म्हणायची पद्धत. त्या सुईत बरेचदा स्टेरॉइड असतं, आणि ग्लुकोकॉर्टिकॉइडचं कोणतंही इंजेक्शन २०२२ पासून स्पर्धाकाळात बंदीच्या यादीत आहे. औषधाचं नाव कागदावर लिहून घेतल्याशिवाय बाही वर करू नका. तसंच, पानठेल्यावर क्रिकेटच्या सट्ट्याच्या गप्पा रोज चालतात; प्रो खेळाडूला टेनिसवर पाच रुपयेही लावता येत नाहीत. "एक गेम सोड, पैसे देतो" असा मेसेज आला तर कळवणं बंधनकारक आहे. गप्प बसणंही गुन्ह्यात धरतात.

तुलना कोणाशी?

पोरं ऋतुजा भोसलेचं उदाहरण देतात: टेक्सासच्या कॉलेजात खेळली आणि २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ अशी दोन्ही वर्षं अमेरिकन कॉलेजचं एकेरीचं विजेतेपद घेतलं. पण तिकडे कॉलेज म्हणजे वर्षभर कोच, कोर्ट आणि मॅचेस. आपल्याकडे वर्षातून आठवडाभर आंतरविद्यापीठ. तो रस्ता हवा असेल तर विचार अकरावीत करा, बीए झाल्यावर नाही.

सध्या माझी एक मुलगी डब्ल्यू१५ च्या, म्हणजे मुलींच्या १५,००० डॉलरच्या स्पर्धेच्या, क्वालिफायिंगला अल्टरनेट नऊ आहे. सोमवारपासून तिच्या वडिलांचे तीन फोन झाले.

"सर, तिकीट काढू काय? नाही तं गाडी फुल होऊन जाते."

"बुधवारपर्यंत थांबा, भाऊ. मंगळवारी रात्री यादी हलते."